डबा घेऊन ये

सासूबाई मला आफ्रिकेत फोन लावायला सांगायच्या आणि मुलगा 'हॅलो' म्हणाला की पहिला प्रश्न ठरलेला. 'जेवलास का' नाही, 'बरा हायेस का' नाही. "डबा कुटं हाय?" मुलगा सातासमुद्रापार, हातात बंदूक, डोक्यावर निळी टोपी, आणि ही बाई डब्याची चौकशी करतेय! मी भाकरी थापता थापता कपाळावर हात मारून घ्यायची आणि मग दुपारपर्यंत कपाळाला पीठ घेऊन हिंडायची.

आमचे हे फौजेत हवालदार. त्यांची पलटण शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेली होती, वर्षभरासाठी. तिथं आपसातच मारामाऱ्या. घरंदारं सोडून पळालेली माणसं छावणीच्या तारेला लागून ताडपत्र्यांखाली राहायची आणि यांनी त्यांची राखण करायची. इकडं मुळशीत, उरवडे गावात मी, सासूबाई आणि नववीतली लेक. थोडं भाताचं रान आहे, आणि रस्त्याकडेच्या तुकड्यात आम्ही खोल्या बांधून कंपन्यांतल्या कामगारांना भाड्यानं दिल्यात. त्यांची खानावळ मी चालवते. सकाळी डबे भरायचे, स्कूटीला दोन्हीकडून पिशव्या लटकवून कंपन्यांच्या गेटवर पोचवायचे, संध्याकाळी रिकामे गोळा करायचे. त्यामुळं डबा ही काय चीज असते ते मला कुणी शिकवायला नको. कुणाचं झाकण हरवतं, कुणी खरकटा डबा तसाच बॅगेत घालून गावाला निघून जातो, परत येतो तेव्हा आत जंगल उगवलेलं. रोजचं भांडण आहे ते.

पण सासूबाईंचा हा डबा वेगळा होता. जाड स्टीलचा, कडीचा, पोटावर सासऱ्यांचं नाव कोरलेलं. सासरे इथल्याच एका कारखान्यात होते आणि रोज हाच डबा घेऊन जायचे. एका संध्याकाळी तो कारखान्यातच विसरून निघाले आणि पिरंगुटच्या अलीकडं ट्रकनं त्यांना उडवलं. माणूस घरी आला नाही. डबा आला, तेराव्याला. बरोबरच्या एका कामगारानं घासूनपुसून आणून दिला. तेव्हापासून तो माळ्यावर होता, कुणी हात लावायचा नाही.

सुदानला निघताना यांनी तो गुपचूप खाली काढला. "बाबांचा आहे, असू दे माझ्याजवळ. आणि झाकण घट्ट बसतं, लाडवांना मुंग्या लागणार नाहीत." मी शेंगदाण्याचे लाडू भरून दिले. सासूबाईंना कळलं तेव्हा विमान उडून गेलं होतं. असा काही आकांत केला त्यांनी! "त्यो डबा एकदा माणसाला सोडून मागं ऱ्हायलाय. आता माणसासंगंच घरात आला पायजे." तेव्हापासून फोन आला की डबा, फोन ठेवताना डबा.

आता लाडू काही यांनी एकट्यानं खाल्ले नाहीत. छावणीच्या गेटसमोर कडुनिंबाखाली एक बाई चहा विकायची. काळा चहा, आल्याचा, निम्मा पेला साखर. सासूबाईंच्याच वयाची असेल, उंच, कपाळावर गोंदण. घर जाळल्यावर ताडपत्रीखाली राहायला आलेली. यांची गेटवर ड्यूटी असली की ती बोट दाखवून यांना खाली बसायला सांगायची, जणू घरचाच पोरगा उन्हात उभा आहे. यांनी तिला लाडू दिले ते डब्यासकट, बांधून द्यायला कागद नव्हता म्हणून. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो भाजलेल्या तिळानं भरून.

झाली का पंचाईत! आमच्याकडं रिकामं भांडं परत देत नाहीत. शेजारणीची वाटी आली असेल तर जाताना तिच्यात चिमूटभर साखर तरी गेली पाहिजे. हे यांना लहानपणापासून असं घोटून शिकवलेलं की फौजेच्या कवायतीनंसुद्धा ते पुसलं गेलं नाही. यांनी डबा साखरेनं भरून परत दिला. तिनं शेंगदाणे भरून पाठवला. तिच्याकडंही बहुतेक तीच रीत. मग काय, डबा थांबेचना. तांदूळ गेले, वाळवलेली भेंडी आली. मसूर गेली, सुका मासा आला. तो मासा यांनी शेजारच्या खाटेवरच्या माळकरी जोडीदारापासून कसा लपवला, हे सांगताना इतके हसले होते की मला भलताच आनंद झाला. इतक्या लांब माणूस पोट धरून हसतोय म्हणजे बरा आहे.

एकदा यांनी व्हिडिओवर त्या बाईची आणि सासूबाईंची गाठ घालून दिली. लेकीनं फोन धरला होता. या इकडून मावळी बोलतायत, ती तिकडून तिच्या भाषेत, दोघी एकाच वेळी, थांबायचं नाव नाही. मी आणि लेक एकमेकींकडं बघत बसलो. तिनं डबा समोर धरला आणि कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं. नाव वाचता येत नसणार तिला, पण काय आहे ते कळलं असावं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून एकदम म्हणाल्या, "तिला म्हणावं तळाला कागद घाल, त्याल लागतंया डब्याला." यांनी हातवारे करून सांगितलं. पुढच्या खेपेला डब्याच्या तळाशी खरंच एक पान घातलेलं होतं. सासूबाई दिवसभर सगळ्यांना सांगत होत्या, शहाणी हाय बाई, लई शहाणी हाय.

दिवाळी झाली, भात कापणीला आलं आणि यांच्या परतीचे दिवस जवळ आले. त्यांच्या जागी येणारी पलटण तिकडं पोचायला लागली होती. आता माणसानं खूश व्हावं की नाही? पण फौजीच्या बायकोला विचारा. वर्षभर जेवढी भीती वाटत नाही तेवढी शेवटच्या आठवड्यात वाटते. सगळं निभावलं, आता एवढंच राहिलंय, असं सारखं मनात येत राहतं. कुणी 'कधी येणार?' विचारलं तरी मी तारीख सांगायची नाही, 'बघू, येतील' म्हणायची. नजर लागेल म्हणून. त्यात यांनीच कधीतरी सांगितलं होतं की पावसाळ्यात तिकडं सगळा चिखल असतो, भांडणं थंड असतात, आणि रस्ते वाळले की माणसं पुन्हा बंदुका घेऊन निघतात. कशाला सांगितलं कोण जाणे. मी खळ्यावर वाळत घातलेलं भात हलवायची आणि मला ते न बघितलेले रस्ते वाळताना दिसायचे.

आणि झालंच तसं. निघायला थोडेच दिवस राहिले असताना फोन आला, यांचा आवाज बारीक. गावात गोळीबार झालाय, बाजार बंद आहे, चहावाली बरेच दिवस दिसलेली नाही. डबा तिच्याकडंच आहे.

"मग जाऊन आण की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, बाहेर सोडत नाहीत."

"तारंच्या पल्याड तर ऱ्हाती म्हणतुयास. हाक मारली तर ऐकू जाईल. डबा टाकून यायचं न्हाई, सांगून ठिवते."

मी फोन हिसकावूनच घेतला. "अहो, कुठंही जायचं नाही. डबा गेला खड्ड्यात. ऐकताय ना? कुठंही जायचं नाही!"

"बघतो," हे म्हणाले.

बघतो! आमच्या यांचं 'बघतो' म्हणजे काय ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं. मुळशी धरणावर गेलो होतो. मी म्हटलं पाण्यात उतरू नका, 'बघतो' म्हणाले, आणि मी चप्पल काढेपर्यंत गळ्याएवढ्या पाण्यात. 'बघतो' म्हणजे तू बोल, मी माझं करतो. मी लगेच परत फोन लावला. लागला नाही. म्हटलं, मीटिंग असेल, जेवण असेल. संध्याकाळी लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळता मळता पलटणीतल्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज आला. कॅम्पजवळ फायरिंग झालंय, नेटवर्क बंद आहे, सगळे सुखरूप असल्याचं कळतंय.

कळतंय. कुणाला कळतंय? कुणाकडून? मी त्या एका शब्दाकडं इतका वेळ बघत बसले की कणीक वाळून तिला कवच आलं. ग्रुपवर बायका हात जोडल्याची चित्रं टाकायला लागल्या, एकाखाली एक. मला त्यांचा असा संताप आला! मग माझाही अंगठा आपोआप तिकडं गेला आणि मीही तेच टाकलं.

डबे तर द्यायचेच होते. माणसं उपाशी कशी ठेवणार? त्या दिवशी मी बटाट्याच्या भाजीत मीठ दोनदा घातलं असावं. संध्याकाळी डबे गोळा करायला गेले तर एक बिहारी पोरगा म्हणाला, "भाभी, आज नमक..." त्याच्याशेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, "कुछ नहीं भाभी, बढ़िया था." त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. सगळे डबे चाटून पुसून रिकामे होते. मी तिथं गेटवर स्कूटीवर बसूनच रडले.

घरी आले तर सासूबाई खळ्यावर भात राखत बसलेल्या. पिशव्या खाली टाकल्या आणि माझा तोलच गेला. "तुमच्या त्या डब्यापायी गेले असतील ते बाहेर! स्टीलच्या एका डब्यापायी! पिरंगुटच्या बाजारात असले ढीगभर मिळतात. मी आणून दिले असते की!"

एरवी ही शब्दाला शब्द देणारी बाई. मला वाटलं आता उलटं बोलतील, म्हणजे मलाही अजून बोलता येईल. त्या मात्र भातावर बसलेल्या चिमण्या हाकलत राहिल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "त्येंच्या तोंडाकडं मी कदी बघितलंच न्हाई. कामावरनं आलं की पिशवी घ्यायची, डबा काढायचा, घासाय टाकायचा. डबा हातात आला की मला कळायचं, आलं माझं माणूस. त्या दिशी पिशवीच आली न्हाई. मी आपली मोरीत राख घिऊन बसलेली, डब्याची वाट बघत." पदराला हात पुसून म्हणाल्या, "पोरी, फोन लाव त्याला."

"लागत नाही, आई."

"लाव म्हणते ना."

मी लावला. पलीकडून ती इंग्रजीतली बाई बोलायला लागली, संपर्क होऊ शकत नाही म्हणून. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि त्या बाईच्या बोलण्यावरच मोठ्यानं बोलायला लागल्या. "नगं मला डबा. ऐकतुयास का रं? डबा नगं. तू तसाच ये." इंग्रजी बाईचं बोलून संपलं, फोन आपोआप बंद झाला, तरी या सांगतच होत्या. मी त्यांच्या शेजारी भातावरच बसले. लेक घरातून आली, तिनं आमच्याकडं बघितलं आणि चिमण्या हाकलायला लागली.

त्या रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डबे भरले, पोचवले, आणले. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मी लसूण सोलत असताना, अनोळखी नंबरावरून फोन आला. मधल्या कुठल्या तरी विमानतळावरून. "निघालो," एवढंच म्हणाले आणि मागं माणसांचा गलका. मी 'हं' म्हटलं. वर्षभर ज्या माणसाशी बोलायला जीव टाकला त्याला मी फक्त 'हं' म्हटलं! सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डब्याचं विचारलं नाही.

फौजेचे सोपस्कार उरकून हे घरी पोचायला आणखी काही दिवस लागले. रिक्षातून उतरले तेव्हा काळवंडलेले, गालफडं बसलेली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. सासूबाईंनी मात्र सवयीनं आधी पिशवी घेतली. तोंडाकडं न बघता. आणि पिशवीत वरच डबा होता.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, नावावरून पदर फिरवला. मला वाटलं आता देवापुढं नेऊन ठेवतील. पण त्यांनी कडी काढून आत बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"रिकामा?"

"हो," हे म्हणाले.

"ती बाई रिकामा डबा द्यायची न्हाई."

हे ओसरीच्या पायरीवर बसले. बूटसुद्धा काढले नव्हते. तिथंच, मान खाली घालून सांगायला लागले.

"मी बाहेर गेलोच नाही. सोडलंच नाही कुणाला. मनात म्हटलं, राहिला डबा, आईच्या शिव्या खाऊ. निघायच्या सकाळी गाड्या गेटच्या आत ओळीनं उभ्या होत्या. खाली उतरायचं नाही असा हुकूम. इंजिनं चालू झाली आणि तारेच्या कडेनं ती येताना दिसली. डोक्यावर डबा. आदल्या दिवशी त्याच बाजूला गोळ्या चालल्या होत्या, आई. पहाऱ्यावरच्या पोरानं तिच्याकडून डबा घेतला आणि मला वर दिला. मी उघडून बघितला. मी बघतोय हे तिनं बघितलं. आणि तिनं हात असे केले."

यांनी दोन्ही तळवे उताणे करून पुढं धरले. मोकळे.

"मग तिनं अंगावरच्या कापडानं तोंड झाकून घेतलं. लाज वाटली तिला. माझ्या पाठपिशवीत बिस्किटांचे पुडे होते, चिक्की होती. पण पिशवी सगळ्यांच्या सामानाखाली दबलेली. मी पट्टे ओढतोय, ओढतोय, सुटेचनात. आणि गाडी हलली. मी तिला काहीच दिलं नाही. नीट निरोपसुद्धा घेतला नाही. हात हलवला फक्त, आणि त्या हातात हा डबा."

खोल्यांच्या बाजूला कुणाचा तरी मिक्सर चालू होता.

"कशाला आणलास?" सासूबाई म्हणाल्या.

यांनी वर बघितलं. "आई, तूच तर..."

"मी म्हातारी काय बी म्हणंल! तुला अक्कल न्हवती? तिच्या घरात डब्यात घालाय दाणा न्हवता. तरी परक्याची वस्तू द्यायला ती गोळ्यांतनं आली. आन तू घिऊन आलास? परत द्यायचा तिला, तसाच!" आणि मग त्या तिथंच खाली बसल्या, यांचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि हमसून रडायला लागल्या. मला वाटतं पहिल्यांदाच त्यांनी मुलाच्या तोंडाकडं नीट बघितलं, गालांवरून हात फिरवला, मानेवरचा घाम पुसला. मी आत जाऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर कामगारांचे डबे मांडले तर शेवटी तोही मांडलेला. सासूबाईंनी तळाला केळीच्या पानाचा तुकडा घातला, रात्रीच वळलेले शेंगदाण्याचे लाडू भरले आणि कडी लावली. मी पिशव्या स्कूटीला अडकवल्या. तो एक डबा ओट्यावर राहिला.

"आई, हा?"

"तिचा हाय."

छावणीत यांच्या पलटणीचा एक दुभाषी होता, तिथलाच. त्याचा नंबर यांच्याकडं आहे. सुट्टी संपून हे परत ड्यूटीवर गेले, तिकडूनही रोज त्याला फोन लावतात. कधी वाजतो आणि तुटतो, बहुतेकदा वाजतच नाही. यांच्या जागी गेलेल्या पलटणीतल्या एका ओळखीच्यालाही निरोप दिलाय, कडुनिंबाखाली बघ म्हणून. तो म्हणाला, सध्या गेटसमोर कुणीच बसत नाही. हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही. लाडू शिळे होऊ लागले की त्या आमच्या ताटात वाढतात आणि डबा पुन्हा ताजा भरतात. तिकडं जाणारं कुणी भेटलं तर तयार असावा म्हणून.

रोज संध्याकाळी मी कंपन्यांच्या गेटवरून रिकामे डबे घेऊन येते. सासूबाई मोरीशी बसलेल्या असतात. एकेक डबा हातात घेतात आणि विचारतात, "लागला का त्या दुभाष्याला फोन?"

"नाही अजून, आई."

"लागंल," त्या म्हणतात. राखेनं झाकण घासत राहतात. "लागला की त्याला सांग, पयलं तिला इचार म्हणावं, जेवलीस का. डब्याचं काय बी बोलू नगं."